म्हणणे पटले, नाव नको

गेल्या सत्रात तृतीय वर्षाच्या वर्गात मराठवाड्यातील वैचारिक गद्याविषयी बोलत असताना मी फळ्यावर संदर्भग्रंथांची नावे लिहीत होते. त्यांत अनंत भालेराव यांचे 'हैदराबादचा स्वातंत्र्यसंग्राम आणि मराठवाडा' हे पुस्तक होते. नाव लिहून होते न होते तोच दुसऱ्या बाकावरच्या एका विद्यार्थिनीने विचारले, "मॅडम, ज्यांनी नामांतराला विरोध केला, त्यांचं पुस्तक आपण वाचायचं?" प्रश्नात उद्धटपणा नव्हता. तिला खरोखरच जाणून घ्यायचे होते.

मी जे उत्तर दिले ते प्राध्यापकी होते. पुस्तकाचा विषय निराळा, नामांतराचा प्रश्न निराळा. लेखक आणि ग्रंथ यांत अंतर राखायला शिकले पाहिजे, वगैरे. तिने ते वहीत उतरवून घेतले. तिला ते पटले नाही हे तिच्या चेहऱ्यावर दिसत होते. मलाही ते पुरेसे वाटले नाही, कारण तिने विचारलेला प्रश्न मूळचा आमच्या घरातला होता.

नव्या वाचकांसाठी थोडा तपशील सांगायला हवा. २७ जुलै १९७८ रोजी महाराष्ट्राच्या विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव केला. त्यामागे इतिहास होता. मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले १९५८ मध्ये. त्याच्या आठ वर्षे आधी, १९५० मध्ये, बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादला महाविद्यालय काढले होते. ज्या प्रदेशात उच्च शिक्षणाची दारे इतकी थोडी होती, तिथे ज्याने दार उघडले त्याचे नाव विद्यापीठाला असावे, ही मागणी साधी होती. ठरावानंतर मराठवाड्यात दलित वस्त्यांवर हल्ले झाले, घरे जाळली गेली, नांदेड जिल्ह्यातील पोचिराम कांबळे यांच्यासारखी माणसे मारली गेली. ठराव गुंडाळला गेला आणि त्यानंतर सोळा वर्षांनी, १४ जानेवारी १९९४ रोजी, नामांतराऐवजी नामविस्तार झाला.

या मागणीला ज्यांनी वैचारिक पातळीवर विरोध केला त्यांत गोविंदभाई श्रॉफ आणि 'मराठवाडा' दैनिकाचे संपादक अनंत भालेराव हे अग्रभागी होते. दोघेही निजामी राजवटीविरुद्ध लढलेले. 'मराठवाडा' हे नाव त्या लढ्यातून आलेल्या प्रादेशिक अस्मितेचे नाव आहे, ते पुसले जाऊ नये, अशी त्यांची भूमिका होती. त्यांनी हिंसेचे समर्थन केले असे मी म्हणणार नाही. परंतु ज्या काळात शब्दांचे वजन माणसांच्या जिवावर पडत होते, त्या काळात त्यांचे शब्द कोणत्या पारड्यात पडले, हेही मी विसरणार नाही.

आमचे घर आंबेडकरी. वडिलांना आम्ही अण्णा म्हणत असू. ते औरंगाबादला मिलिंद महाविद्यालयात शिकले आणि पुढे गंगाखेड तालुक्यात प्राथमिक शिक्षक झाले. १९७८ नंतर आमच्या घरात 'मराठवाडा'चा अंक येणे बंद झाले आणि संपादकाचे नाव घेणेही बंद झाले. पण अण्णा तो अंक वाचत असत. बसस्थानकाजवळच्या एका सलूनमध्ये तो येई. दाढी करायची नसली तरी ते तिथे थांबत आणि उभ्या उभ्या चाळून परत ठेवत. हे मला आईकडून पुष्कळ उशिरा कळले.

आता या गोष्टीची दुसरी बाजू. मराठवाड्याच्या अनुशेषाचा प्रश्न ज्यांनी सातत्याने लावून धरला, त्यांत हेच लोक होते. १९५६ मध्ये मराठवाडा कोणतीही अट न घालता मोठ्या द्वैभाषिक मुंबई राज्यात सामील झाला आणि नंतर रस्ते, सिंचन, शाळा, नोकऱ्या या सगळ्यांत मागे राहिला. १९७४ च्या मराठवाडा विकास आंदोलनामागे हीच तक्रार होती. गोविंदभाईंनी मराठवाडा जनता विकास परिषदेमार्फत ती मांडली आणि भालेरावांचे दैनिक तिचे व्यासपीठ बनले. ही तक्रार म्हणजे प्रादेशिक रडगाणे नव्हते, हे पुढे सिद्ध झाले. शासनाने १९८३ मध्ये वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली आणि १९८४ मध्ये त्या समितीने विभागवार अनुशेष आकड्यांत मांडला. राज्यघटनेच्या ३७१(२) कलमाखालील वैधानिक विकास मंडळे १९९४ मध्ये अस्तित्वात आली. २०२० मध्ये त्यांची मुदत संपली तेव्हा, ज्या दुखण्यासाठी ती होती ते दुखणे संपले आहे, असे गोदाकाठच्या आमच्या गावात तरी कुणी म्हटले नाही.

आणीबाणीच्या बाबतीतही तेच. भालेराव त्या काळात तुरुंगात गेले. ज्या संपादकांनी तेव्हा मान खाली घातली, त्यांच्या यादीत त्यांचे नाव नाही.

म्हणजे प्रश्न असा उभा राहतो: ज्याने माझ्या समाजाच्या सर्वांत दुखऱ्या प्रश्नावर चुकीची बाजू घेतली, तो भाष्यकार दुसऱ्या एका महत्त्वाच्या प्रश्नावर बरोबर असेल, तर मी ते म्हणावे का? आणि म्हणायचे, तर त्याचे नाव घेऊन म्हणावे का?

अण्णांनी यावर स्वतःपुरता तोडगा काढला होता. शिक्षकांच्या सभेत ते अनुशेषावर बोलत, आकडे देत, मुद्देसूद मांडणी करीत. ते मुद्दे सलूनमध्ये उभ्याने वाचलेल्या अंकांतून आलेले असत. नाव मात्र कधी येत नसे. "असं म्हटलं जातं", "जाणकारांचं मत आहे", एवढ्यावर ते भागवीत. म्हणणे पटले होते, नाव नको होते.

साहित्याच्या विद्यार्थ्यांना इथे आय. ए. रिचर्ड्सची आठवण होईल. केंब्रिजमध्ये त्याने विद्यार्थ्यांना कवींची नावे झाकून कविता वाचायला दिल्या आणि त्यांच्या प्रतिक्रियांवरून १९२९ मध्ये 'प्रॅक्टिकल क्रिटिसिझम' हे पुस्तक लिहिले. नाव झाकले की वाचकाचे खरे वाचन उघडे पडते, हा त्या प्रयोगाचा धडा. अण्णांनी नकळत तोच प्रयोग उलट्या दिशेने केला: स्वतः नावासकट वाचले आणि श्रोत्यांसाठी नाव झाकले. कवितेच्या बाबतीत नाव झाकणे उपयोगी पडते, कारण तिथे शब्दांची रचनाच पुढ्यात असते. राजकीय लेखनात मात्र कोण बोलतो आहे हा अर्थाचाच भाग असतो. नामांतराला विरोध करणारा जेव्हा प्रादेशिक न्यायाची भाषा करतो, तेव्हा त्या न्यायात गावकुसाबाहेरच्या माणसाचा वाटा किती, असे विचारणे हा पूर्वग्रह ठरत नाही. तो वाचनाचाच एक भाग आहे. म्हणून 'नाव विसरा, फक्त मुद्दा पाहा' हा सल्ला मला अपुरा वाटतो. नाव विसरायचे नाही. नाव लक्षात ठेवून मुद्दा पाहायचा, हे अधिक कठीण काम आहे.

या कामाची दोन पथ्ये मला महत्त्वाची वाटतात.

पहिले पथ्य असे की, बरोबर ठरणे आणि बरोबर असणे यांत फरक करावा. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडते. रोज सरकार पडणार म्हणून लिहिणाऱ्याचे भाकीत एके दिवशी खरे ठरते. त्याची नोंद घेण्याचे कारण नाही. परंतु कुणी पुरावे जमवून, कारणे देऊन, लोकांचा रोष पत्करून एखादी गोष्ट सांगितली असेल आणि ती खरी निघाली असेल, तर त्याला कावळा म्हणता येत नाही. अनुशेषाचा मुद्दा या दुसऱ्या प्रकारचा होता.

दुसरे पथ्य असे की, आधार आणि निष्कर्ष सुटे करावेत. संमतिवयाच्या वादाचे उदाहरण घेऊ. सुधारणेसाठी परकीय सरकारचा कायदा नको, या भूमिकेवरून टिळकांनी विधेयकाला विरोध केला. त्याच वेळी, १८९० मध्ये, त्यांनी सुधारकांपुढे एक प्रस्ताव ठेवला होता: ज्यांना सुधारणा हवी आहे त्यांनी आधी स्वतःवर बंधन घालून घ्यावे; मुलीचे लग्न सोळा वर्षांपूर्वी आणि मुलाचे वीस वर्षांपूर्वी करू नये. विधेयकातली वयोमर्यादा दहावरून बाराची होणार होती, हे लक्षात घेतले म्हणजे या प्रस्तावाचा टोमणा किती अणकुचीदार होता ते कळते. तो टोमणा पोकळ नव्हता. विधवाविवाहाचे पुरस्कर्ते असलेल्या न्यायमूर्ती रानड्यांनी १८७३ मध्ये पहिल्या पत्नीच्या निधनानंतर, वडिलांच्या आग्रहाने का होईना, अकरा वर्षांच्या मुलीशी लग्न केले होते. बोलणारे आणि करणारे वेगळे आहेत, हा टिळकांचा आधार खरा होता. परंतु त्यावरून कायदा नको हा निष्कर्ष निघत नव्हता. सुधारक वागण्यात चुकले म्हणून दहा-अकरा वर्षांच्या मुलीच्या शरीराचे रक्षण करणारा कायदा अनावश्यक ठरत नाही. आपल्याकडे टिळकांचा चाहता पहिला भाग सांगतो आणि दुसऱ्यावर थांबत नाही. टिळकांचा विरोधक दुसरा सांगतो आणि पहिल्याचा उल्लेखही करीत नाही. दोघांचेही विद्यार्थी अर्धा इतिहास घेऊन परीक्षेला बसतात.

मग हे कुणी नीट केले आहे का? मला या संदर्भात जोतीराव फुल्यांचे १८८२ मधले वर्तन पुन्हा पुन्हा आठवते. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी 'निबंधमाले'तून जोतीरावांच्या लेखनाची, विशेषतः त्यांच्या भाषेची, निर्दय टर उडवली होती. तेच विष्णुशास्त्री 'केसरी'च्या संस्थापकांपैकी एक. कोल्हापूरचे चौथे शिवाजी महाराज यांचा छळ होत आहे असे 'केसरी' आणि 'मराठा' या पत्रांनी लिहिले, दिवाण माधवराव बर्वे यांनी बदनामीचा खटला भरला आणि टिळक व आगरकर आरोपी झाले. अशा वेळी जोतीरावांच्या सांगण्यावरून रामशेठ उरवणे यांनी दहा हजार रुपयांचा जामीन दिला. शिक्षा भोगून ते दोघे २६ ऑक्टोबर १८८२ रोजी डोंगरीच्या तुरुंगातून सुटले, तेव्हा त्यांच्या सत्कारात सत्यशोधक मंडळी पुढे होती.

या प्रसंगाकडे आपण बहुधा मनाच्या मोठेपणाचे उदाहरण म्हणून पाहतो. मला त्यात मोठेपणापेक्षा विवेक अधिक दिसतो. ज्या पत्रांवर लेख आधारले होते ती न्यायालयात बनावट ठरली, म्हणजे पुराव्याच्या बाबतीत संपादक फसले होते. पण छत्रपतींच्या वारसाचे हाल होत आहेत ही मूळ काळजी खोटी नव्हती. पुढच्याच वर्षी, डिसेंबर १८८३ मध्ये, अहमदनगरच्या किल्ल्यात, देखरेखीवरच्या गोऱ्या शिपायाशी झालेल्या झटापटीत शिवाजी महाराजांचा अंत झाला. जोतीरावांनी त्या मूळ काळजीची बाजू घेतली. आणि पुढे काय केले? त्यांचे मत मवाळ झाले का? १८८५ मध्ये रानड्यांनी ग्रंथकार सभेचे निमंत्रण पाठवले, तेव्हा जोतीरावांनी ते कडक शब्दांत नाकारले. शूद्रातिशूद्रांच्या हक्कांचा विचार ज्यांच्या लेखनात नाही, त्यांच्याशी मिळून आपल्याला काही करायचे नाही, असा त्या पत्राचा आशय होता. तीन वर्षांच्या अंतराने केलेल्या या दोन कृतींत मला विसंगती दिसत नाही. एका मुद्द्यावर बरोबर असणाऱ्याला बरोबर म्हणणारा माणूसच दुसऱ्या मुद्द्यावर इतक्या ठामपणे नाही म्हणू शकतो. त्याचे नाही हे रागाचे नाही असे ऐकणाऱ्याला कळते.

याच्या तुलनेत आपली नेहमीची रीत पाहा. आपल्याकडे विरोधकाचे बरोबर असणे मुख्यतः मृत्युलेखात सापडते. आगरकर १८९५ मध्ये गेले आणि टिळकांच्या लेखणीला गहिवर आला. गोखले १९१५ मध्ये गेले आणि टिळक स्मशानात त्यांच्याविषयी गौरवाने बोलले. नेहरूंवर वर्षानुवर्षे तुटून पडणारे अत्रे १९६४ मध्ये त्यांच्यावर व्याकूळ लेखमाला लिहून गेले. या लेखनाचे आणि भाषणांचे मोल मी कमी मानत नाही. पण गेलेला माणूस उद्याच्या अंकात उत्तर देत नाही, त्याच्या मोठेपणाने आपल्या पक्षाचे नुकसान होत नाही. जोतीरावांनी जामीन दिला तो जिवंत विरोधकांना, ते अडचणीत असताना. आणि बाहेर आल्यावर ते पुन्हा विरोधातच उभे राहणार हे ठाऊक असताना.

आता सर्वांत गंभीर आक्षेप. तो माझ्या त्या विद्यार्थिनीच्या प्रश्नात दडलेला होता. उदारपणाची मागणी नेहमी ज्याला लागले आहे त्याच्याकडेच का केली जाते? वस्त्या ज्यांच्या जळल्या, त्यांनीच विरोधकाच्या गुणांची यादी का करावी? 'नामांतराच्या प्रश्नावर त्यांचे काहीही मत असो, पण बाकी माणूस मोठा', हे वाक्य मी स्टाफरूममध्ये अनेकदा ऐकले आहे. ते म्हणणाऱ्याच्या घरी १९७८ मध्ये काहीही जळलेले नसते. त्या वाक्यातला 'काहीही मत असो' हा भाग इतका सहज ओलांडला जातो, की पुढचा 'मोठा' हा शब्द ऐकवत नाही.

या आक्षेपाला माझे उत्तर एवढेच आहे: अशी कबुली दुसऱ्याकडे मागता येत नाही. ती ज्याने त्याने स्वतःकडे मागायची असते. मी त्या मुलीला 'तू मन मोठे कर' असे सांगू शकत नाही. पण मी स्वतःला विचारू शकते, की अनुशेषाचे आकडे वर्गात सांगताना ते आकडे कुणी आणि कोणत्या लढ्यातून पुढे आणले, हे मी का गाळते? विद्यार्थ्याने उताऱ्याचा आधार दिला नाही तर मी गुण कापते. मग माझ्या नावडत्याचा आधार न देणे हे कोणत्या नियमात बसते? त्याचे ऋण मान्य केल्याने त्याच्यावर उपकार होत नाहीत. माझे ज्ञान कुठून आले याचा हिशेब तेवढा नीट राहतो. आणि जो हिशेब नीट ठेवतो, त्यालाच दुसऱ्या पानावरची थकबाकी ठणकावून मागता येते.

ज्यांच्या नावाने माझ्या विद्यार्थिनीने हा प्रश्न विचारला, त्या बाबासाहेबांचीच रीत इथे उपयोगी पडावी. १९४० मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'थॉट्स ऑन पाकिस्तान' या ग्रंथात त्यांनी आधी पाकिस्तानच्या बाजूने मुसलमानांचे म्हणणे मांडले, मग त्याविरुद्धचे हिंदूंचे म्हणणे मांडले आणि नंतरच पुढच्या चर्चेकडे ते वळले. पूर्वपक्ष इतका नेटका मांडायचा, की तो ज्याचा आहे त्यालाही आपले म्हणणे याहून बरे मांडता आले नसते असे वाटावे. ही शिस्त आमच्या भागात नरहर कुरुंदकरांनीही पाळली. कुरुंदा हे त्यांचे मूळ गाव तेव्हाच्या परभणी जिल्ह्यातले, म्हणून आम्हाला ते आपले वाटतात. प्रतिपक्षाला जे देणे आहे ते आधी चुकते करायचे आणि मग त्याच्याशी भांडायचे, ही त्यांच्या युक्तिवादाची रीत होती. ज्याला नीट भांडायचे आहे, त्याला ही उधारी ठेवून चालत नाही.

अण्णा आता नाहीत. १९९४ च्या जानेवारीत नामविस्तार झाला तेव्हा त्यांनी गल्लीत पेढे वाटले होते. त्याच वर्षी १७ सप्टेंबरला नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले आणि परभणी जिल्ह्यातली महाविद्यालये तिकडे गेली. सोळा वर्षे ज्या नावाची वाट पाहिली ते नाव मुलीच्या पदवीवर आले नाही. तिथे आले ते हैदराबाद मुक्तिलढ्याच्या नेत्याचे, म्हणजे गोविंदभाई आणि भालेराव ज्यांचे अनुयायी होते त्या स्वामीजींचे. माझे पदवी-प्रमाणपत्र हातात घेऊन अण्णा बराच वेळ पाहत राहिले होते. मग म्हणाले, "हा माणूसबी मोठाच होता." त्या एका 'बी'मध्ये त्यांनी दोन्ही नावांचा हिशेब केला होता, असे मला आज वाटते. सलूनमधल्या अंकाच्या संपादकापर्यंत मात्र तो 'बी' कधी पोचला नाही, आणि त्याबद्दल मी त्यांना दोष देणार नाही.

येत्या सत्रात ती यादी मी पुन्हा फळ्यावर लिहीन. भालेरावांचे पुस्तक त्यात राहील. त्याच्या शेजारी गंगाधर पानतावणे यांच्या 'अस्मितादर्श'चे अंक आणि प्र. ई. सोनकांबळे यांचे 'आठवणींचे पक्षी' असेल. कुणी तोच प्रश्न विचारला तर या वेळी लेखक आणि ग्रंथ यांतल्या अंतराविषयी मी बोलणार नाही. सांगेन, की होय, यांनी नामांतराला विरोध केला, आणि तो चुकीचा होता असे मी मानते. मराठवाड्याच्या मागासलेपणाविषयी जे त्यांनी लावून धरले, ते बरोबर होते असेही मानते. ही दोन्ही वाक्ये मला एका दमात म्हणता यायला पंचविसेक वर्षे लागली. तुम्हाला किती लागतील ते तुमचे तुम्ही ठरवा, पण पुस्तक वाचल्यानंतर.